समुद्रफुलाचा पत्ता: एडिनबराची बरणी ते जळगावची टाकी

 

आजची गोष्ट सुरू होते एका व्हॉट्सॲप व्हिडिओपासून. जळगावच्या माझ्या एका मित्राने रात्री अकरा वाजता पाठवला. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये एक पांढरंशुभ्र, फुलासारखं काहीतरी काचेवरून हळूहळू सरकत होतं. खाली मेसेज : "भाऊ, हे एका जागी का बसत नाहीये?"

ते होतं सी ॲनिमोन, म्हणजे आपल्या मराठीत समुद्रफूल. निमो मासा ज्याच्या कुशीत राहतो ना, तेच. तिसऱ्या दिवशी ते फिरत फिरत पंपाच्या जाळीत शिरलं आणि त्याचे तुकडे झाले. टाकीचं पाणी नासलं, सकाळपर्यंत दोन मासेही गेले. मित्राने फोन करून विचारलं, "माझं काय चुकलं?" मी उलट विचारलं, "तुझं ॲनिमोन कोणत्या जातीचं होतं?" तो म्हणाला, "जात? दुकानात तर नुसतं ॲनिमोनच म्हणाले."

त्याचा खरा घोटाळा इथेच झाला होता, आणि असा घोटाळा करणारा तो काही पहिला नव्हे. माणसाने समुद्रफूल घरात ठेवायला सुरुवात केली त्याला आता जवळपास दोनशे वर्षं होतील. त्या काळात लोक काय शिकले, ते आज बघू.

बरणीतली आजीबाई

साल १८२८. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बर्विक नावाच्या गावचा किनारा. सर जॉन ग्रॅहम डॅलियेल नावाच्या अभ्यासकाने खडकावरून एक समुद्रफूल उचललं आणि एडिनबरातल्या घरी आणून काचेच्या बरणीत ठेवलं. ना पंप, ना लाइट, ना फिल्टर. बरणीतलं समुद्राचं पाणी नियमित बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्याच्या मांसाचा तुकडा द्यायचा, एवढीच बडदास्त.

१८५१ मध्ये डॅलियेल वारले. समुद्रफूल मात्र जिवंत! मग ती बरणी एका जाणकाराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, अशी वारशासारखी फिरत राहिली. लोक त्या समुद्रफुलाला लाडाने 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणायला लागले. आजीला शेकडो पिल्लं झाली. अखेर ऑगस्ट १८८७ मध्ये आजी गेली. बरणीत तिने एकोणसाठ वर्षं काढली होती.

आता तुम्ही म्हणाल, एकोणसाठ वर्षं बरणीत, आणि इथे हजारो रुपयांची टाकी असून तीन दिवस? असं कसं?

उत्तर जातीत आहे. आजी होती 'ॲक्टिनिया इक्विना' जातीची. हे समुद्रफूल भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकावर राहतं. ओहोटी लागली की अंग मिटून लाल टोमॅटोसारखा गोळा होतं आणि उन्हावाऱ्यात तासन्‌तास तग धरतं. त्याला थंड पाणी चालतं, कमी उजेड चालतो. निमोवालं समुद्रफूल याच्या अगदी उलट. ते उष्ण समुद्रातलं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून यजमानाला खाऊ घालतं. उजेड कमी पडला, पाणी तापलं किंवा प्रवासात हाल झाले, की हे शैवाल निघून जातं आणि समुद्रफूल पांढरं पडतं.

म्हणजे माझ्या मित्राला जे 'पांढरंशुभ्र, एकदम मस्त' वाटलं होतं, ते खरं तर उपाशी आणि आजारी होतं.

लंडनमध्ये समुद्र कसा आला

आता आपल्या खान्देशी माणसाच्या मनातला प्रश्न. आपली तापी इथून वाहत जाऊन थेट सुरतेपाशी समुद्राला मिळते, पण आपल्याकडे काही समुद्र येत नाही. मग समुद्रापासून लांब राहून हा शौक करायचा कसा?

हाच प्रश्न लंडनवाल्यांनाही पडला होता. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला आणली. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर बसून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. आजचा एअर पंप जे काम करतो, ते तेव्हा एका कामवाल्या बाईच्या हातांनी केलं. इतिहासात तिचं नाव राहिलं नाही. पण लाइट गेल्यावर तांब्याने टाकीतलं पाणी काढून वरून ओतत बसाल, तेव्हा तिची आठवण नक्की काढा. युक्ती आजही चालते.

पुढे फिलिप हेन्री गॉस आला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यात गॉसचा मोठा वाटा. १८५४ मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या. त्याच सुमारास त्याने समुद्राचं पाणी घरीच बनवून दाखवलं. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार गोड्या पाण्यात मिसळले की झालं. आज धुळ्यात किंवा जळगावात जो कुणी मरीन सॉल्टची पिशवी फोडून लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने पाणी तयार करतो, तो गॉसच्याच वाटेने चाललाय.

मग या शौकाचं पुढे काय झालं? लोक किनाऱ्यावर तुटून पडले. हातात छिन्नी-हातोडी, बरणी, टोपली. ज्याला जे दिसेल ते त्याने खरवडून घरी न्यायचं. ओळख नाही, पाळपोस माहीत नाही. घरी नेलेलं बहुतेक सगळं मरायचं, मग पुन्हा किनाऱ्यावर. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की ते सुंदर खडकडोह कसे उजाड झाले, आणि याला आपलीच पुस्तकं कारणीभूत ठरली म्हणून वडिलांना कसं दुःख झालं.

नावांचा गोंधळ

निमो आणि समुद्रफूल यांची दोस्ती विज्ञानाच्या जगात नोंदवली गेली १८६८ मध्ये. कथबर्ट कॉलिंगवुड या निसर्ग अभ्यासकाने बोर्निओजवळच्या समुद्रात भलीमोठी समुद्रफुलं आणि त्यांच्या आत बिनधास्त राहणारे मासे पाहिले. पुढच्या शंभर वर्षांत मात्र नावांचा नुसता बाजार झाला. एकाच जातीला अनेक नावं, एका नावाखाली अनेक जाती.

१९८१ मध्ये डॅफ्नी डन (पुढे त्या डॅफ्नी फॉटिन म्हणून ओळखल्या गेल्या) यांनी हा गुंता सोडवला. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या समुद्रफुलांच्या जाती दहा, असं त्यांनी मांडलं. आता जनुकीय अभ्यासामुळे काही नावं पुन्हा बदलतायत, पण घरच्या टाकीसाठी तो पाया अजूनही कामाचा आहे. कारण जात कळली की समुद्रफुलाचा पत्ता कळतो : पाय कुठे रोवणार, खडकात की वाळूत?

जळगावात सोनं घेताना आपण ते कसोटीवर घासून बघतो. समुद्रफुलाच्या कसोट्या या अशा :

बबल टिप. बोटांसारख्या धाग्यांच्या टोकाला फुगे, खालचं खोड गुळगुळीत. पाय खडकाच्या फटीत लपवतं. फुगे कधी नाहीसेही होतात, म्हणून नुसत्या फुग्यांवर जाऊ नका.

सेबे. लांब, टोकदार बोटं. खोडावर बारीक चिकट पुटकुळ्या. पाय बहुधा वाळूत. दुकानात पांढरं पडलेलं समुद्रफूल पुष्कळदा हेच असतं.

कार्पेट. गालिच्यासारखी पसरट तबकडी, आखूड आणि फार चिकट बोटं. यातलं हॅडनचं कार्पेट वाळूत राहतं. लहान मासे गिळून टाकतं.

मॅग्निफिका. खोड जांभळं, लाल किंवा तसंच भडक. खडकाच्या माथ्यावर, भरपूर उजेडात आणि प्रवाहात बसतं. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये.

ऐप्टेशिया. खडकाबरोबर फुकट येणारं, छोटं, तपकिरी, पारदर्शक. ही जात म्हणजे टाकीतलं गाजरगवत. ठेचलं तर तुकड्यांतून आणखी उगवतं.

जात कुठलीही असो, घेताना चार गोष्टी बघा. तोंड घट्ट मिटलेलं आहे का? पाय फाटलेला तर नाही? बोटं चिकटतात का? आणि रंग : पांढरा किंवा भडक पिवळा असेल तर नको. पिवळा रंग पुष्कळदा चढवलेला असतो.

खान्देशात घर कसं द्यायचं

टाकी किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर, समुद्रफुलाशिवाय चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, क्षारता ३५ च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश. बोअरचं पाणी अजिबात नको, आरओ पाणीच घ्या.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. कोरड्या हवेत माठ जसा गार राहतो, तसा पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला छोटा पंखा टाकी दोन-तीन अंशांनी उतरवतो. पण मग पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोज वरून साधं आरओ पाणी घाला, खारं नाही. खोलीच तापत असेल तर चिलर लागतो, आणि त्याची ऐपत नसेल तर समुद्रफूल आणू नये, हे स्पष्टच सांगतो.

आणल्यावर घाई नको. तासभर थेंब-थेंब पाणी मिसळून सवय करा. पंपांच्या तोंडांना जाळी किंवा स्पंज लावा. त्याच्या जातीला आवडेल अशा जागी ठेवा आणि हात काढून घ्या. ते फिरेल. फिरू द्या. पाय ओढून जागा बदलायला गेलात तर पाय फाटतो, आणि फाटलेला पाय म्हणजे बहुधा मरण. पहिले काही दिवस खायला देऊ नका, उजेड हळूहळू वाढवा.

आणि शक्यतो समुद्रातून काढलेलं घेऊ नका. बबल टिप टाकीत स्वतःच दुभंगून एकाची दोन होतात. एखाद्या शौकिनाच्या टाकीत वाढलेलं पिल्लू मिळालं तर ते सगळ्यात उत्तम.

आपल्या राज्यात हे जीव बघायची सोय जुनी आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेव्हा आठ लाख रुपये खर्च आला होता, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला यांनी दिले. पण काचेच्या बाहेरही समुद्रफुलं आहेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवतो. शहराच्या खडकाळ किनाऱ्यांवर त्यांनी समुद्रफुलं दाखवली आहेत, कार्पेटसुद्धा. तिथे नियम एकच : बघा, फोटो काढा, उचलू नका. गॉसच्या पिढीला हे फार उशिरा कळलं होतं.

माझ्या मित्राची टाकी अजून चालू आहे. त्यात खडक, वाळू, एक कोळंबी आणि दोन क्लाउनफिश, समुद्रफुलाशिवाय. हो, ते त्याच्याशिवायही मजेत जगतात! परवा त्याचा मेसेज आला : "भाऊ, पाच महिने झाले. नाशिकला एकाकडे बबल टिप दुभंगलंय म्हणे. आणू का?"

मी लिहिलं, "उन्हाळा जाऊ दे."

त्याने अंगठा पाठवला. भेटू पुढच्या भागात. राम राम!