बडोदे संस्थान आणि रिकामे हात
(१९०० ते १९३६ या काळातील साहाय्यकार्याचे एक अवलोकन)

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावर (मत्तय २०:१–१६) प्रवचन करताना आपण बहुधा मजुरीविषयीच बोलतो. त्याआधीचा एक लहानसा संवाद मात्र आपल्या नजरेतून निसटतो. दिवस मावळतीला आला असता धनी अड्ड्यावर उभ्या असलेल्यांना, तुम्ही रिकामे का, असे विचारतो. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. धनी या उत्तराची शहानिशा करीत नाही, त्यांना आळशी ठरवीत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवितो.

राज्यकर्त्यांनी मात्र ही शहानिशा पिढ्यान्‌पिढ्या केली; आणि आपणही केली, असे नम्रपणे म्हणावे लागते. बडोदे संस्थानाच्या इतिहासातील दोन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

छप्पनचा दुष्काळ

विक्रम संवत् १९५६, म्हणजे इ. स. १८९९–१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनिया’ या नावाने अजून ओळखला जातो. शेतीप्रधान प्रांतात दुष्काळ म्हणजे प्रथम बेकारी. पाऊस नाही म्हणून नांगरणी नाही, निंदणी नाही, कापणी नाही. आणि मजुरी नाही. आगगाडीने धान्य येऊ शकत होते, पण ते विकत घेण्यास हाती पैसा नव्हता. सरकारी साहाय्याचा मुख्य मार्ग अन्नदान नसून ‘दुष्काळी कामे’ हा असावा, असे १८८० च्या दुष्काळ आयोगाने ठरविले, त्याच्या मुळाशी हेच निदान होते.

निदान बरोबर होते. उपचारात मात्र संशय मिसळलेला होता. गरजवंताला मिळणारे साहाय्य हलक्यातल्या हलक्या मोलमजुरीपेक्षाही नकोसे असावे, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, हे इंग्लंडच्या १८३४ च्या दारिद्र्य-कायद्यातील तत्त्व येथे खडी फोडण्याच्या आणि तळी खोदण्याच्या कामांवर अवतरले. काम कष्टाचे, पुष्कळदा घरापासून दूर; मजुरी जीव तगेल एवढीच. १८७७ साली मुंबई इलाख्यात ही मजुरी आणखी घटविण्यात आली, तेव्हा हजारो मजूर काम सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. काम पुरे न भरल्यास मजुरी किमान पातळीच्याही खाली नेण्याच्या इलाख्यातील पद्धतीवर १९०१ च्या मॅक्डॉनेल आयोगानेही टीका केली. उपाशी माणसाचे काम कमी भरते, ही साधी गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती.

बडोद्याचा मुलूख एकसंध नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत ब्रिटिश जिल्ह्यांत व इतर संस्थानांत विखुरलेले होते; त्यामुळे हद्दीच्या अलीकडचे व पलीकडचे दुःख एकच होते. सयाजीराव महाराजांनी दुष्काळी भागाचा स्वतः दौरा केला. त्या दौऱ्याची त्यांची टिपणे १९०१ साली लंडन येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राजाने कामावर जाऊन डोळ्यांनी पाहावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तरीही खानेसुमारीचे आकडे कठोर आहेत. १८९१ साली संस्थानची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ साली ती १९,५२,६९२ उरली. ही घट सर्वस्वी भूकबळींची नव्हे. रोगराई, स्थलांतर आणि घटलेले जन्म हेही तीत आहेत. पण दर पाच माणसांमागे जवळजवळ एक उणा झाला, हे खरे.

या अनुभवानंतर प्रश्नाचा रोख पालटू लागला. दुष्काळ आणि जमीन-महसूल यांचा संबंध दाखविणारी खुली पत्रे १९०० साली लॉर्ड कर्झन यांना लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ साली बडोद्याचे महसूलमंत्री झाले. बऱ्या वर्षात शिल्लक राहू न देणारा सारा वाईट वर्षात माणूस मारतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. ‘हा माणूस खरोखर गरजू आहे काय?’ या प्रश्नाऐवजी ‘हा गरजू का झाला?’ हा प्रश्न आता दरबारात पोचला.

आपल्या मंडळ्यांची परीक्षा

याच दुष्काळात मिशनांनी गुजरातेत अनाथाश्रम उघडले, आणि पंडिता रमाबाईंनी तेथून शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. या सेवेचे मोल कमी नाही. परंतु या काळात मंडळीत आलेल्यांना पुढे ‘अन्नासाठी ख्रिस्ती’ हा टोमणाही ऐकावा लागला. तो पुष्कळदा अन्यायाचा होता. भुकेल्याला विश्वासाची ओढ नसतेच, असे कोणी ठरविले? तरी आपणही विचारले पाहिजे: सरकारने श्रमाची परीक्षा घेतली, तशी कोठे आपण विश्वासाची परीक्षा घेतली काय? भाकरीच्या दाराशी घेतलेली कोणतीही परीक्षा घेणाऱ्यालाच दोषी करते.

मंदी आणि कोसंबा

दुसरा प्रसंग तीन दशकांनंतरचा. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कापूस पिकविणाऱ्या बडोद्यास त्याची झळ लागली. या वेळी शेत पिकले होते, पण पीक विकून सारा व व्याज फिटेना. १९३३ साली सयाजीराव शिकागो येथील सर्वधर्म परिषदेस गेले, तेव्हा अमेरिकेतही सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार होते.

दिवाण सर व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी १९३२ साली नवसारी प्रांतातील कोसंबा येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू केले. त्याचा नमुना ख्रिस्ती सेवेतून आलेला होता. त्रावणकोरातील मार्तंडम येथे वाय. एम. सी. ए. चे डॉ. स्पेन्सर हॅच शेतकऱ्यांना रिकाम्या महिन्यांसाठी कोंबडीपालन, मधमाशापालन यांसारखे जोडधंदे शिकवीत होते. त्यांचेच साहाय्य बडोद्याने घेतले. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, रस्ते, हिवतापाचा प्रतिबंध, सुधारलेले बियाणे, हस्तोद्योग, पंचायत व सहकारी संस्था असा कार्यक्रम होता, आणि गावची शाळा त्याचे केंद्र होती. पुढे १९३६ च्या हीरकमहोत्सवात महाराजांनी ग्रामीण गरिबांच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला.

कोसंब्याने मंदी हटविली नाही. लोकांत ‘अधिक चांगले जगण्याची इच्छा’ निर्माण करणे, हे या चळवळीचे घोषित ध्येय होते. त्यातही एक सूक्ष्म धोका आहे. ज्याचे पीक मातीमोल गेले, त्याच्यात इच्छाच उणी होती, असे मानणे ही जुन्या संशयाचीच सौम्य आवृत्ती ठरू शकते. तथापि एक पाऊल निश्चित पुढे पडले होते. खडीच्या ढिगापाशी माणसाला बोलावण्याऐवजी राज्य त्याच्या गावात गेले.

या वाटेवरील पुढचा टप्पा महाराष्ट्राने गाठला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही’ हे उत्तर येथे प्रथमच कायद्याने ऐकून घेतले.

पाळक व उपदेशक बंधुभगिनींनो, आपल्या दाराशी येणाऱ्या बेकाराला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? तो मंडळीचा आहे काय, उपासनेस येतो काय, व्यसनी तर नाही ना? हे प्रश्न कधीतरी विचारावेही लागतील. पण द्राक्षमळ्याच्या धन्याने ते प्रथम विचारले नाहीत. त्याने उत्तर ऐकले, त्यावर विश्वास ठेवला, आणि संध्याकाळी दिवसाचे पुरते वेतन दिले. कारण घरी वाट पाहणाऱ्या लेकरांची भूक तासांच्या हिशेबाने कमी होत नाही.