इंग्रजीतील लुप्त चतुर्थी

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यापुढे 'गिव्ह हिम द बुक' हे वाक्य प्रथम येते, तेव्हा 'हिम'च्या आधी 'टू' का नाही, अशी शंका त्यास येते. आणि 'टू येथे अध्याहृत आहे' एवढे सांगून तिचे निरसन करण्याची वहिवाट आहे. या उत्तरामागे मोठी परंपरा आहे. रॉबर्ट लौथ या धर्मोपदेशकाने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात, 'टू' आणि 'फॉर' ही अव्यये विशेषतः सर्वनामांपूर्वी पुष्कळदा गृहीत धरलेली असतात, असे नमूद केले. पुढे यॉर्क येथे स्थायिक झालेल्या लिंडली मरे या अमेरिकी गृहस्थाने १७९५ च्या आपल्या व्याकरणात तेच मत उचलून धरले, आणि मरेचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालू राहिल्याने ते मत सिद्धान्तासारखे रूढ होऊन बसले. परंतु भाषेच्या इतिहासाचा दाखला पाहू गेल्यास गोष्ट नेमकी उलट निघते. 'हिम'च्या आधीचा 'टू' गळालेला नाही. तो तेथे मुळात नव्हताच.

नॉर्मन स्वारीपूर्वीच्या, म्हणजे १०६६ पूर्वीच्या इंग्रजीत नामांना व सर्वनामांना विभक्ती होत्या, आणि दान ज्यास करावयाचे तो चतुर्थीत व दानाची वस्तू द्वितीयेत घालण्याचा नियम होता. 'त्याला मारले' यातील 'त्याला' म्हणजे 'हिने', आणि 'त्याला ग्रंथ दिला' यातील 'त्याला' म्हणजे 'हिम', अशी दोन निराळी रूपे असत. नामापूर्वीचे दर्शक विशेषणही द्वितीयेत 'थोने' तर चतुर्थीत 'थाम' असे पालटे. देणारा, घेणारा आणि वस्तू यांची ओळख अशी रूपावरूनच पटत असल्यामुळे, घेणारा आधी ठेवा की वस्तू आधी ठेवा, अर्थास बाध येत नसे. 'शिकविणे' यासारख्या क्रियापदाला मात्र व्यक्ती आणि विषय ही दोन्ही पदे द्वितीयेत चालत. आपल्या संस्कृत वैयाकरणांनीही 'शिकविणे', 'विचारणे', 'मागणे' अशा अर्थांचे धातू द्विकर्मक म्हणून वेगळे काढले आणि 'देणे' याच्या घेणाऱ्याला संप्रदान हे स्वतंत्र नाव दिले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही घडी मोडली कशी, हे पाहण्याचे उत्तम ठिकाण म्हणजे पूर्व इंग्लंडातील पीटरबरो येथील मठ. १११६ साली त्या मठास आग लागली, ग्रंथसंग्रहाची हानी झाली, आणि नंतर मठवासीयांनी दुसरीकडून एक बखर आणवून ११२१ पर्यंतचा मजकूर नकलून घेतला. हा नकललेला भाग जुन्या, शिष्टसंमत भाषेत आहे. त्यानंतरचा मजकूर मठातच लिहिला गेला, आणि ११३२ ते ११५४ या वर्षांच्या अखेरच्या भागात तर लेखकाने भोवतालची बोलीच कागदावर उतरविल्यासारखे दिसते: विभक्तिप्रत्यय झिजलेले, थोने-थाम हा भेद मावळलेला, आणि शब्दांचा क्रम आजच्या इंग्रजीच्या पुष्कळच जवळ आलेला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केलेल्या या एकाच हस्तलिखितात जुनी भाषा आणि नवी भाषा शेजारी शेजारी वाचावयास मिळतात. भाषेचा पालट इतक्या स्पष्टपणे डोळ्यांपुढे ठेवणारे दस्तऐवज जगात फार नसावेत, असे मला वाटते.

या पडझडीचे खापर केवळ नॉर्मन अंमलावर फोडणे न्यायाचे होणार नाही. शब्दाच्या आद्य अक्षरावर आघात देण्याच्या सवयीने अंत्य स्वर आधीच दुबळे झाले होते; उत्तरेकडील व पूर्वेकडील मुलखात डेन लोक वसले होते, त्यांच्या आणि इंग्रजांच्या भाषेतील धातू बहुधा सारखे पण प्रत्यय निराळे, तेव्हा परस्परांच्या व्यवहारात प्रत्यय सोडून धातूवर भिस्त ठेवणे सोयीचे पडले असावे. नॉर्मन राज्यकर्त्यांनी केले ते एवढेच, की सनदा आणि दप्तरे लॅटिन व फ्रेंच यांच्या हाती गेल्यामुळे इंग्रजीच्या जुन्या लेखनशिस्तीला राजाश्रय उरला नाही, आणि बोलीत झालेली झीज लेखनात झाकणारा कोणी राहिला नाही. दक्षिणेस हा पालट सावकाश पोचला; कँटरबरी येथील एका संन्याशाने १३४० साली पूर्ण केलेल्या केंटच्या बोलीतील ग्रंथात 'हिने'चे रूप अद्याप आढळते.

द्वितीया आणि चतुर्थी यांचा असा संकर झाला तेव्हा दोहोंपैकी टिकले कोण? 'हिम' हे चतुर्थीचे रूप; 'हर' हेही चतुर्थीचे; 'हूम' चतुर्थीचे; डेन लोकांकडून आलेले 'देम' हेसुद्धा मूळचे चतुर्थीचेच. म्हणजे आज 'आय सॉ हिम' असे म्हणणारा इंग्रज कर्माच्या जागी चतुर्थी वापरीत असतो. अपवाद एक, आणि तो मोठा बोधक आहे: निर्जीव वस्तूसाठी येणारे 'इट' तेवढे जुन्या द्वितीयेचे राहिले. मराठी वाचकास यात आपल्या घरची रीत ओळखू यावी. 'रामाने गोविंदाला पाहिले' आणि 'रामाने गोविंदाला पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांत आपण 'ला' हाच प्रत्यय योजतो, शालेय व्याकरणात द्वितीया व चतुर्थी यांचे प्रत्यय एकसारखेच छापलेले असतात, आणि निर्जीव 'पुस्तक' मात्र प्रत्ययावाचून राहते. परस्परांशी संपर्क नसताना दोन भाषांनी सजीवास चतुर्थी आणि निर्जीवास उघडे रूप ही एकच वाटणी करावी, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही.

प्रत्यय गेल्यावर अर्थाची जबाबदारी क्रमावर आली, आणि घेणारा आधी, वस्तू नंतर, ही शिस्त हळूहळू दृढ झाली. 'टू' हे अव्यय जुन्या भाषेत मुख्यतः दिशा दाखवी. 'जाणे', 'पाठविणे', 'बोलणे' यांच्यासंगे ते येत असे, आणि तेराव्या-चौदाव्या शतकांत त्याचा अधिकार 'देणे' इत्यादी क्रियापदांपर्यंत विस्तारला. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या काळी दोन्ही रचना सुखाने एकत्र नांदत होत्या. लौथला जो लोप वाटला तो वस्तुतः मूळचा वारसा होता, आणि ज्यास तो पूर्ण रूप समजला तेच मागाहून आलेले होते. लॅटिन व फ्रेंच यांतून आलेल्या कित्येक क्रियापदांनी मात्र 'टू'चीच रचना धरून ठेवली. म्हणून 'टेल मी' शुद्ध असता 'एक्स्प्लेन मी' अशुद्ध ठरते, आणि 'मला समजावून सांग' या वळणावर वाढलेला आपला विद्यार्थी नेमका तेथेच ठेचकाळतो. तो नियम सरसकट मात्र नाही, कारण 'प्रॉमिस' हे फ्रेंचमधून येऊनही दोन कर्मे घेते.

शेवटचा पालट कर्मणि प्रयोगात घडला. जुन्या भाषेत 'त्याला ग्रंथ दिला गेला' असेच म्हणत, घेणारा चतुर्थीत राही; पण चतुर्थीची खूण पुसली गेल्यावर वाक्यारंभी बसलेले ते पद कर्ता वाटू लागले, आणि 'हिम'च्या जागी 'ही' येऊन 'ही वॉज गिव्हन अ बुक' ही रचना पंधराव्या शतकापासून पाय रोवू लागली. कर्मठ वैयाकरणांनी तिला दीर्घकाळ नाके मुरडली. लोकांनी ती सोडली नाही. मराठीत 'ला' शाबूत असल्यामुळे 'तो पुस्तक दिला गेला' असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे घेणारा अजून चतुर्थीतच आहे.