नवेगावबांधचा तलाव

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव नैसर्गिक वाटतो, पण तो माणसाने बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधून वाहणारे पाणी मातीच्या बांधाने अडवले, असे मानले जाते. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा जलाशय धानशेतीसाठी होता. मासेमारी ढिवर समाजाकडे होती.

अशा तलावाच्या उथळ काठाशी सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. तेथे हायड्रिलासारख्या पाणवनस्पती वाढतात. त्यांत माशांची पिल्ले आसरा घेतात आणि हिवाळ्यात स्थलांतरित बदके चरतात. म्हणजे मासे आणि पक्षी दोन्ही वनस्पतींवर अवलंबून असतात.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पूर्व विदर्भातील हजारो तलाव सरकारकडे गेले. गाळ काढण्याची, पाळ राखण्याची गावची वहिवाट मोडत गेली. अनेक तलावांचे काठ बेशरमाच्या झुडपांनी व्यापले, पाणवनस्पती घटल्या. रोहू-कटल्याचे बीज सोडले गेले. स्थानिक मासे मात्र दुर्लक्षित राहिले.

अलीकडे या भागातील काही गावांत ढिवरांनी बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या. तेथे स्थानिक मासे व पक्षी पुन्हा दिसू लागले. तलाव एकदा बांधून भागत नाही. तो सतत राखावा लागतो. आपल्या गावच्या तळ्याचा गाळ शेवटी कधी काढला होता? विद्यार्थ्यांसह आपण ते विचारून पाहू या.