जुनी स्कायलाइन जीटी-आर इतकी महाग का?

शोरूममधून बाहेर पडली की गाडीची किंमत उतरते. निसानच्या 'स्कायलाइन जीटी-आर आर३४' या स्पोर्ट्स कारचं मात्र उलटं झालं. १९९९ ते २००२ या काळात अशा जेमतेम १२ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. 'ग्रॅन टुरिस्मो' हा गेम आणि 'टू फास्ट टू फ्युरियस' (२००३) या चित्रपटामुळे ती जगभर गाजली. पण निसानने ती अमेरिकेत कधी विकलीच नाही.

२५ वर्षांचा नियम काय आहे?
अमेरिकी सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी तिथे सहसा आयात करता येत नाही. २५ वर्षं पूर्ण झाली की त्यातून सूट मिळते. म्हणून जानेवारी १९९९ मध्ये बनलेल्या आर३४ ला जानेवारी २०२४ मध्ये वाट मोकळी झाली.

भाव का चढले?
ही तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक होती. त्यामुळे अनेकांनी जपानमध्ये गाड्या अगोदरच घेऊन ठेवल्या. मागणी वाढत गेली, पण नवी आर३४ बनत नाही आणि अपघातांत आहेत त्याही कमी होतात. फटका बसला तो जपानमधल्या सामान्य चाहत्यांना.

फसवणूक कशी ओळखायची?
साध्या स्कायलाइनला जीटी-आरचं रूप देऊनही विकतात. खऱ्या आर३४ जीटी-आरचा चेसिस क्रमांक 'बीएनआर३४'ने सुरू होतो. नुसतं 'ईआर३४' असेल, तर ती जीटी-आर नाही.

भारतात आणता येईल का?
सर्वसाधारण नियमानुसार ३ वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही. त्यामुळे आपल्यासाठी ती सध्या पडद्यावरच!