यंत्र स्वतःला बंद करू लागले
भारनियमनाचे दिवस नांदेड-लातूरच्या शिक्षकांना आठवत असतील. संगणक लिहीत असतानाच वीज गेली, की फाइल बिघडण्याची भीती असे. त्या काळी काम आवरल्यावरही संगणकाचे बटण माणसालाच बंद करावे लागे. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ रचना आणली. तिच्यात एका नियंत्रक तारेवरचा दाब शून्याजवळ असेपर्यंत मुख्य वीजपुरवठा चालू राहतो; दाब वाढला की तो बंद होतो. ५ व्होल्टचा छोटा पुरवठा तेवढा जागा असतो. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायलाही हेच तत्त्व लावता येते : सारे लिहून झाले, की ठरवलेली पिन दाब बदलते आणि बाहेरचे सर्किट वीज तोडते. पिनची सुरुवातीची स्थिती आम्ही विद्यार्थ्यांना आधी मोजायला लावतो. ती उलटी असेल, तर यंत्र सुरू होताच बंद पडते. आणि वीज अचानक गेली, तर आवराआवरीपुरती बॅटरी हवीच.