ब्लेडचा परदेशप्रवास

दाढीचे दुधारी ब्लेड ज्याने बाजारात आणले, तो माणूस फिरतीवरचा विक्रेता होता. ते ब्लेडही पुढे आगगाडी, आगबोट, विमान अशा सगळ्या वाहनांतून बिनबोभाट हिंडले. विमानाच्या शौचालयात वापरलेले ब्लेड टाकायला वेगळी फट ठेवलेली असे, इतके त्याचे येणेजाणे गृहीत धरलेले होते. आज तेच ब्लेड हातातल्या बॅगेत चुकून राहिले, तर तपासणीच्या पट्ट्यावरून बॅग बाजूला काढली जाते आणि मालकाला बोलावणे येते. मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या या पोलादी पट्टीचा प्रवासातला मान कसा वाढला आणि कसा गेला, ही गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे.

ब्लेड येण्यापूर्वी दाढी ही प्रवाशाची मोठी अडचण होती. वस्तरा चामड्यावर पाजवावा लागे, अधूनमधून दगडावर घासावा लागे आणि गालावरून फिरवायला सरावलेला हात लागे. डुलत्या बोटीत किंवा खडखडत्या डब्यात हे धाडस कोण करणार? आपल्याकडे तर स्वतःची दाढी स्वतः करण्याची रीत फारशी नव्हतीच. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. तो धोकटी घेऊन घरी येई आणि सुगीला त्याच्या वाट्याचे धान्य घेऊन जाई. त्यामुळे विलायतेला निघालेल्या तरुणाला काटाचमच्याबरोबर वस्तराही हाताळायला शिकावे लागे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या मोहनदास गांधींनी आत्मचरित्रात याची नोंद केली आहे. इंग्लंडला जाणारे सगळे निदान दाढी करायला शिकतात, केस कापायला मात्र कुणी शिकत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. तेव्हा गांधींनी केस कापायचे यंत्र विकत घेतले, आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले आणि मागची बाजू पार बिघडवून ठेवली. न्हाव्यावाचून परमुलखात राहायचे म्हणजे काय, हे त्या एका प्रसंगातून कळते.

पैसेवाल्यांसाठी दुसरा मार्ग होता. मोठ्या आगबोटींवर न्हाव्याची दुकाने असत. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या आणि दुसऱ्या वर्गासाठी अशी वेगवेगळी दुकाने होती. पहिल्या वर्गाचा न्हावी ऑगस्ट वाइकमन दाढी-कटिंगबरोबर आठवणवस्तूही विकायचा. बोट बुडाली, तो वाचला. त्याचा धंदा मात्र तोवर दुसऱ्याच एका संकटात सापडला होता. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये दाढी उरकू लागले होते.

ही सोय करून देणारा किंग कॅम्प जिलेट १८५५ साली जन्मला. १८७१ च्या शिकागोतल्या भीषण आगीत घरच्यांची सगळी चीजवस्तू गेली. पुढे तो फिरता विक्रेता झाला. बाटल्यांची पत्र्याची बुचे बनवणाऱ्या कंपनीचे काम करत असताना त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला, की लोक वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असे काहीतरी शोधून काढ. १८९५ च्या एका सकाळी बोथट वस्तरा हातात घेऊन आरशासमोर उभा असताना जिलेटला ते ‘काहीतरी’ सापडले. पोलादाच्या पातळ पत्र्याच्या दोन्ही कडांना धार लावायची आणि ती बोथट झाली की पत्राच टाकून द्यायचा.

कातडी कापली जाऊ नये म्हणून वस्तऱ्याला आड बसवण्याची युक्ती जुनी होती. फ्रान्समधल्या झाँ-झाक पेरे या कारागिराने अठराव्या शतकातच तसा वस्तरा केला होता, आणि अमेरिकेत १८८० पासून कांफे बंधूंचा ‘स्टार’ रेझर विकला जात होता. पण त्याचे पाते जाड असे आणि त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. जिलेटचे पाते धार लावण्यासाठी नव्हतेच. इतक्या पातळ पत्र्याला धार देता येणार नाही, असे पोलादाच्या जाणकारांनी त्याला सांगितले होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने यंत्रे तयार करून ते जमवून दाखवले. १९०१ मध्ये कंपनी उभी राहिली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. पुढच्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला आणि नोव्हेंबरमध्ये पेटंटही मिळाले.

प्रवाशाच्या दृष्टीने ही क्रांती होती. चामड्याचा पट्टा गेला, दगड गेला, न्हाव्याची वाट पाहणे गेले. खिशात मावेल एवढ्या डबीत हँडल आणि आठवडेच्या आठवडे पुरतील एवढी ब्लेडे बसू लागली. वेष्टनावर खुद्द जिलेटचा मिशाळ चेहरा छापलेला असे. तो स्वतः कधी गेला नाही अशा मुलखांतही तो चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला.

मग पहिले महायुद्ध आले. १९१५ पासून पश्चिम आघाडीवर विषारी वायूचा मारा सुरू झाला. वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल आणि हनुवटी साफ हवी. ब्रिटिश सैन्यात तर मिशी ठेवण्याची सक्ती होती, ती १९१६ मध्ये उठली. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक ब्लेडे खरेदी केली. शेतावरून, खाणीतून उठून आलेली लाखो पोरे समुद्रापलीकडच्या खंदकात सेफ्टी रेझर वापरायला शिकली. सरकारने दिलेला रेझर आणि रोज सकाळची ती सवय त्यांनी घरी परत नेली. एखाद्या कंपनीला याहून मोठे गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.

जिलेटचे मूळ पेटंट १९२१ मध्ये संपले आणि देशोदेशी नकला निघाल्या. हेन्री गेसमन या प्रतिस्पर्ध्याशी पेटंटवरून चाललेले भांडण १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन मिटले. त्यातून मधोमध लांब खाच असलेले ब्लेड रूढ झाले आणि जगभरच्या कारखानदारांनी तेच माप उचलले. परदेशी जाऊन राहणाऱ्याला याचा केवढा फायदा झाला! जपानमधल्या सेकी या चाकूसुऱ्यांच्या गावचे ‘फेदर’, इस्तंबूलचे ‘डर्बी’, लाहोरचे ‘ट्रीट’, यांतले कोणतेही ब्लेड मुंबईत घेतलेल्या हँडलमध्ये बसते. विजेचा प्लग देशागणिक बदलतो, दाढीचे ब्लेड बदलत नाही.

भारतातही हा धंदा रुजला. मल्होत्रा कुटुंबाने कलकत्त्यात स्वातंत्र्याच्या सुमारास ब्लेडचे उत्पादन सुरू केले. ‘पनामा’, ‘टोपाझ’ ही त्यांची नावे कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळत. त्याच कुटुंबाच्या ‘सुपरमॅक्स’चा कारखाना ठाण्यात होता आणि तिथली ब्लेडे निर्यात होऊन जगभरच्या दुकानांत जात. म्हणजे ठाण्याचा माणूस परदेशी पोहोचण्याआधी ठाण्याचे ब्लेड तिथे पोहोचलेले असण्याची शक्यता बरीच होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेडने दाढीपलीकडची कामे केली. शत्रूच्या ताब्यातल्या कैद्यांना पळून यायला मदत करणारा ‘एमआय-९’ हा ब्रिटिश गुप्त विभाग ब्लेडना चुंबकत्व देऊन ती पाठवत असे. खोट्या धर्मादाय संस्थांच्या नावाने पार्सले जात. दोऱ्याला टांगले की ब्लेड फिरून स्थिर होई आणि कंपनीच्या नावाचे पहिले अक्षर उत्तर दिशा दाखवी. जर्मन पहारेकऱ्याच्या हाती लागले तरी ते दाढीचे साधे पाते. इटलीत १९४४ मध्ये अँझिओच्या किनाऱ्यावर अडकलेल्या अमेरिकन सैनिकांनी याहून अजब प्रकार केला. निळसर झाक असलेल्या ब्लेडवर पेन्सिलीचे शिसे हलके टेकवायचे, तारेचे वेटोळे आणि कानाला लावायचा हेडफोन जोडायचा, की बॅटरीशिवाय रेडिओ वाजू लागे.

युद्धानंतर विमानप्रवास वाढला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. इतक्या लांबच्या प्रवासात रात्र विमानात काढून सकाळी टाय बांधून उतरायचे, तर दाढीचे सामान हाताशीच हवे. त्या काळातली विमाने, हॉटेले, शयनयानाचे डबे यांच्या न्हाणीघरांत वापरलेल्या ब्लेडसाठी फट असे. अमेरिकेतल्या घरांत तर औषधाच्या कपाटामागच्या फटीतून ब्लेड थेट भिंतीच्या पोकळीत पडे. जुने घर पाडताना भिंतीतून गंजक्या ब्लेडांचा ढीग कोसळतो, तो त्यामुळेच.

गंज हा कार्बन पोलादाच्या ब्लेडचा कायमचा रोग होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत किंवा कोकणातल्या पावसाळ्यात ते पुसून ठेवले नाही, तर दुसऱ्या दाढीलाच ओढू लागे. १९६२ च्या सुमारास ब्रिटनच्या विल्किन्सन सोर्ड कंपनीने लेप दिलेले स्टेनलेस ब्लेड आणले आणि ती तक्रार संपली. जिलेटलाही मागोमाग जावे लागले.

१९६९ मध्ये रेझर पृथ्वीबाहेरही गेला. मे महिन्यात ‘अपोलो १०’च्या अंतराळवीरांनी दाट क्रीम लावून अवकाशात दाढी केली. कापलेले केस यानभर तरंगतील ही भीती खरी ठरली नाही. जुलैत ‘अपोलो ११’च्या मायकेल कॉलिन्सकडे जिलेटचा ‘टेकमॅटिक’ रेझर होता. त्यात सुटे ब्लेड नव्हतेच, डबीत गुंडाळलेली पोलादी फीत होती. १९७१ मध्ये प्लॅस्टिकच्या खोबणीत दोन पाती पक्की बसवलेला ‘ट्रॅक टू’ आला आणि १९७५ मध्ये ‘बिक’चा वापरून फेकण्याचा रेझर. दोन्ही काढले ते सोयीसाठी आणि नफ्यासाठी. विमानतळावरची तपासणी कुणाच्या डोक्यातही नव्हती. तीस वर्षांनी मात्र हाच प्लॅस्टिकचा वेढा त्यांना विमानात जागा मिळवून देणार होता.

विमान अपहरणांच्या लाटेमुळे अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली. तिचा रोख पिस्तुले आणि बॉम्बवर होता. चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकूही २००१ पर्यंत तिथे चालत असे, मग दाढीच्या ब्लेडला कोण विचारणार? भारतात सप्टेंबर १९७६ मधल्या अपहरणानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आयसी-८१४ कंदाहारला नेले गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या विमान अपहरणांनी सगळे उलटेपालटे केले. अपहरणकर्त्यांजवळ खोकी कापण्याच्या सुऱ्या होत्या, असे पुढे आले. अशा सुऱ्यांत बसते ते पाते दाढीच्या पात्याचे सख्खे भावंड. सुरुवातीला नेलकटरही जप्त होत होते. धुरळा बसल्यावर नियम सैल झाले, तेव्हा अधिकाऱ्यांनी धारेपेक्षा पकडीकडे पाहिले. प्लॅस्टिकमध्ये अडकवलेली पाती सहजी सुटी होत नाहीत, म्हणून कार्ट्रिज आणि वापरून फेकण्याचे रेझर चालतात. सुटे ब्लेड दोन बोटांत धरता येते, म्हणून ते चालत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि शेव्हिंग फोमच्या मोठ्या डब्यावरही बंदी आली. साबणाची वडी आणि ब्रश तेवढे सुटले.

म्हणजे ज्या गुणांनी हे ब्लेड प्रवाशाचे सोबती झाले, तेच त्याच्या मुळावर आले. सुटे, पातळ, चटकन बदलता येणारे, कुठेही लपेल असे ते होते, म्हणून सैनिकाने ते खिशात ठेवले आणि एमआय-९ ने पार्सलात. त्याच कारणांनी आता ते केबिनमध्ये नको झाले आहे. हा नियम प्रवाशांना अन्यायाचा वाटतो, पण बंद विमानाच्या हिशेबाने तो चुकीचा नाही.

परदेशी शिकायला किंवा राहायला निघालेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ब्लेडची न फोडलेली पाकिटे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवावीत आणि ती नीट गुंडाळावीत, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. अमेरिकेत ब्लेड काढलेले हँडल हातातल्या बॅगेत चालते. इतरत्र निघण्यापूर्वी त्या देशाचा आणि विमान कंपनीचा नियम पाहावा. फक्त हातातले सामान घेऊन जाणाऱ्याने ब्लेडे पोहोचल्यावरच विकत घ्यावीत, माप सगळीकडे एकच आहे. आणि परतताना हँडल उघडून पाहावे, कारण नियम परतीच्या प्रवासालाही लागू असतो आणि शेवटच्या दाढीचे ब्लेड आत तसेच राहिलेले असू शकते.