मुहान-रिफिल

सोलमधल्या विद्यापीठांलगतच्या गल्ल्यांत पाट्यांवर हमखास दिसणारा शब्द म्हणजे 'मुहान-रिफिल'. ठरलेले पैसे मोजा आणि पोट भरेस्तोवर मांस भाजून खा. 'मुहान' म्हणजे अमर्याद, मूळ चिनी. 'रिफिल' उघडच इंग्रजी. दोन्ही पाहुणे, तरी शब्द पक्का कोरियन!

खरी गंमत 'साम्ग्योप्साल'मध्ये आहे. डुकराच्या पोटाकडच्या मांसाची ही जाड पट्टी. 'साम' तीन, 'ग्योप' पदर, 'साल' मांस. यातला 'साम' चिनी वळणाचा. १९३४च्या एका कोरियन वर्तमानपत्रात मात्र 'सेग्योप्साल' सापडतो. 'से' म्हणजे देशी तीन. मला विचाराल तर तोच कानाला गोड. पण जिंकला 'साम', म्हणून तर तिसऱ्या महिन्याच्या ३ तारखेला, 'साम-साम'ला, या मांसाचा खास दिवस असतो.

पट्टी चरचरली की कात्रीनं तुकडे करायचे, लसणासकट लेट्यूसच्या पानात गुंडाळायचे आणि अख्खा घास तोंडात कोंबायचा. तो घास 'स्साम'. 'स्सादा', म्हणजे गुंडाळणे, या क्रियापदावरून आलेला. आणि 'अमर्याद' म्हणावं तर पुष्कळ ठिकाणी भिंतीवर सूचना: ताटात टाकल्यास जादा आकार पडेल.